सोफ्याचा सातबारा

वसई-विरारमध्ये मांजर कोणी आणत नाही, ते लागू होतं. कुत्रा आणायचा तर घरात महिनाभर खल चालतो, जात ठरते, किंमत ठरते, सोसायटीचे सेक्रेटरी तोंड कसं करतील याचा अंदाज घेतला जातो. मांजराच्या बाबतीत यातलं काही होत नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस पडतो, रस्त्यात गुडघाभर पाणी साचतं आणि त्या रात्री जिन्याखालून, नाहीतर कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटखालून एक बारीक, चिरका, न थांबणारा आवाज सुरू होतो. सकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या एखाद्या घराला मांजर लागू झालेलं असतं.

खरं म्हणजे मांजरांनी राहावं असं हे शहर आहे. अर्नाळ्यापासून पाचूबंदर, नायगावपर्यंत मासळी आहे. उरलेल्या भागात बांधकाम आहे, म्हणजे वाळूचे ढीग आहेत, म्हणजे जेवण झाल्यानंतरचीही सोय आहे. महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. मांजरांच्या या दोन मूलभूत सुविधा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत.

आमच्याकडे जे आलं ते अर्नाळ्याच्या मावशींच्या टोपलीतून. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्याला लागतात, समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मावशी ताज्याऐवजी सुकं घेऊन बसतात. बोंबील, जवळा, सुकट, सगळं प्लास्टिकच्या कागदाखाली. त्या कागदाचं एक टोक उचलून त्यांनी आईला केशरी रंगाचं मूठभर काहीतरी दाखवलं. ‘ने गं बाय, पावसात मरंल ते.’ आईने पाव किलो सुकट मागितली होती. ती पाव किलो सुकट आणि वर हे, असं घेऊन घरी आली. चार दिवस त्याच्या अंगाला सुकटीचा वास येत होता आणि ते नर आहे की मादी हे घरात कोणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. म्हणून नाव सुकट. दोन्हीकडे चालतं.

घरात मूल जन्मलं तर सल्ला द्यायला निदान माहेर-सासरचे हक्काचे लोक असतात. मांजराच्या पिल्लाला अख्खी सोसायटी माहेर असते. पहिल्या संध्याकाळी बघायला आलेल्यांपैकी प्रत्येकाने लहानपणी गावाकडे मांजरं पाळलेली होती. ‘पाळलेली होती’ याचा अर्थ नीट विचारला तर इतकाच निघतो, की गावाकडे मांजरं होती. ती काय खात, कधी आजारी पडत, कशाने मरत, हे कोणी पाहिलं नव्हतं. गावच्या मांजराच्या आयुष्यात माणसाचं काम एकच, चुलीजवळून त्याला हुसकावणं. त्या अनुभवाच्या बळावर तळमजल्यावरच्या काका-काकूंपासून गच्चीवर टाकी बघायला येणाऱ्या माणसापर्यंत सगळे एका गोष्टीवर ठाम होते: दूध द्या.

दूध दिलं. आपल्याकडे मांजर डोळे मिटून दूध पितं अशी म्हण आहे. तासाभराने काय होतं याच्यावर कोणी म्हण केलेली नाही. ती रात्र आम्ही जुनी वर्तमानपत्रं आणि फिनेलची बाटली घेऊन काढली. गाईचं-म्हशीचं दूध पचवायला जे लागतं ते आईचं दूध सुटल्यावर मांजराच्या पोटात कमी कमी होत जातं. मग ते दूध आत जातं तसं बाहेर येतं. ज्या काळ्या फिनेलने आम्ही पुसत होतो, तेही मांजराला वाईट, कारण ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. म्हणजे आजार आमच्या वाटीतून आणि उपाय आमच्या बाटलीतून. मधल्या मधे पिल्लू बिचारं आमच्याकडे विश्वासाने बघत होतं.

आईला मात्र ते उपाशी राहील याची धास्ती. तिने डब्यातली सुकेळी काढली. वसईची सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला प्रकार. ती चार घरांत वाटली की चार घरं वर्षभर नाव काढतात. सुकटने ती हुंगली, पुन्हा हुंगली आणि पाठ फिरवून बसलं. आईच्या सुकेळीकडे पाठ फिरवणारा आमच्या नात्यात आजवर कोणी जन्मला नव्हता. ‘माज आहे,’ आई म्हणाली. माज नव्हता. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखायला जे जनुक लागतं ते मांजराच्या सगळ्या कुळातच निकामी आहे. हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने पिल्लाकडे ज्या करुणेने पाहिलं, तसं तिने मला मधुमेह निघाला तेव्हाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं तेव्हा घरात दोन तट पडले. ‘मांजराला कसला डॉक्टर’ हा एक. दुसऱ्यात एकटी लेक. लेकीचा तट जिंकला, कारण दहावीच्या वर्षी तिच्याशी कोणी वाद घालत नाही. झाकणाच्या प्लास्टिकच्या टोपलीत आईची जुनी साडी घालून, रिक्षातून, खड्ड्यांच्या तालावर म्याऊ म्याऊ ऐकत आम्ही गेलो. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, ‘बोका की भाटी?’ आम्ही गप्प. ‘केशरी आहे ना, मग बोकाच,’ तो म्हणाला आणि मीटरपेक्षा दहा रुपये जास्त घेऊन निघून गेला.

डॉक्टरांनी शेपटी उचलून तेच सांगितलं. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला एक मिळालं की पुरतं, भाटीला दोन्हीकडून मिळावं लागतं, म्हणून केशरी मांजरांत बोकेच जास्त. ‘ते सुकट’ त्या क्षणापासून ‘तो सुकट’ झाला. तोंड उघडून त्यांनी दुधाचे दात पाहिले, वजन केलं आणि दोन महिन्यांच्या आतला आहे म्हणाले.

आई अभिमानाने पुढे झाली. ‘आमच्याकडे आल्यापासून पोट बघा कसं भरलंय. बाळसं धरलंय.’

‘आजी, बाळसं नाही ते. जंत आहेत.’

पिल्लांना जंत आईच्या दुधातूनच येतात. पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतो, हे बाळसं नव्हे. कानात काळपट भुकटी होती, तीही मळ नव्हती, कानातल्या बारीक किडींचा प्रताप होता. मी विचारलं, नाक कोरडं आहे, ताप असेल का? डॉक्टर म्हणाले, नाकावरून काही कळत नाही, तो झोपून उठला की कोरडंच असतं. ताप मोजायचा तर थर्मामीटर. मांजराचा नेहमीचा ताप शंभर ते एकशे अडीच फॅरनहाइट, म्हणजे आपण ज्याला ताप म्हणून रजा टाकतो ती त्याची रोजची तब्येत. थर्मामीटर तोंडात धरत नाहीत हे त्यांनी करून दाखवलं तेव्हा सुकटने जो चेहरा केला, तो मी पुढे आठवडाभर माझ्यासाठी राखून ठेवलेला पाहिला.

मग लसी. तीन रोगांवरची एक लस, आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली. मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. त्या तिनांतला सगळ्यात वाईट म्हणजे ज्याला इथे सगळे ‘मांजरांचा पार्वो’ म्हणतात तो. उलट्या, जुलाब, आणि पिल्लू एकदोन दिवसांत हाती लागत नाही. गावाकडे ‘पिल्लं काही जगली नाहीत’ असं जे एका वाक्यात संपवतात, त्यातली किती या रोगाने गेली असतील कोण जाणे. निघताना डॉक्टरांनी एकच काम लावून दिलं: दर आठवड्याला वजन करा. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही, तर तो दिसायला कितीही आनंदी असो, मला दाखवा.

पोह्यांच्या काट्यावर मांजर मोजणं हा एक स्वतंत्र खेळ आहे. आधी डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग डब्यात मांजर. मांजर डब्यात असतं तेव्हा आकडा थरथरत असतो, आकडा स्थिर होतो तेव्हा मांजर ओट्यावर असतं. बायकोने काट्याखाली वर्तमानपत्र घातलं आणि पोह्यांसाठी नवा काटा मागवला.

पावसाळा पुढे सरकला आणि जुलैच्या मध्यावर घरात ती मोठी घटना घडली. दुपारी आम्ही पाहिलं, की सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याचं कापड सुटलं आहे आणि त्यातून पांढरे धागे लोंबताहेत. सोफा उल्हासनगरहून आणलेला, हप्ते अजून चालू. १७३९ साली वसई घ्यायला मराठ्यांना महिनोन्महिने वेढा घालावा लागला, बुरुजाखाली सुरुंग लावावे लागले. सुकटला आमचा सोफा घ्यायला एक दुपार पुरली.

त्या संध्याकाळी सोफ्याभोवती जी सभा भरली तिची उपस्थिती सोसायटीच्या वार्षिक सभेपेक्षा चांगली होती. कोणी म्हणालं, दोन रट्टे द्या. कोणी म्हणालं, लाल तिखट भुरभुरा. कोणी म्हणालं, व्हिक्स चोळा. एकांनी त्याच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारायला सांगितला. त्यांच्या अमेरिकेतल्या पुतण्याने तिकडून फोनवर कळवलं, की तिकडे नखं कायमची काढून टाकतात. सूचना प्रत्येकाकडे एकेक, घंटा बांधायला पुढे कोणी नाही. तासभर हे चाललं. कापडाचा भाव निघाला, रफूवाल्याचा नंबर निघाला, लेदरेटचे फायदे-तोटे निघाले.

लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्याची वाटी सकाळपासून भरलेलीच आहे.’

कोणी लक्ष दिलं नाही. ‘भूक लागली की खाईल,’ असं कोणीतरी म्हटलं आणि सभा पुन्हा सोफ्याकडे वळली. वाटीत उकडलेल्या मांदेलीचे तुकडे होते, कडेने मुंग्यांची रांग लागली होती. सुकट फ्रिजमागे, जिथे गरम हवा येते तिथे, चारही पाय पोटाखाली घेऊन बसला होता. अंगावरचे केस पिंजारलेले, चाटून बसवलेले नव्हते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला. मांजराला तिसरी पापणी असते आणि निरोगी मांजराची ती सहसा दिसत नाही. लेकीने त्याला उचललं तर तो घुर्रघुर्र करायला लागला.

‘बघ, मजेत आहे,’ आई म्हणाली.

मांजर मजेत असलं की घुर्रघुर्र करतं हे खरं. दुखत असलं, घाबरलं असलं तरी करतं, हे तेवढंच खरं. आजार दाखवायचा नाही अशी या प्राण्याची पिढीजात शिकवण. रानात एकट्याने शिकार करायची आणि मोठ्या जनावराची शिकार व्हायचं टाळायचं, तर कण्हून कसं चालेल? म्हणून आजारी मांजर ओरडत नाही. ते नुसतं काहीतरी करायचं थांबवतं. खायचं थांबवतं, चाटायचं थांबवतं, पडद्यावर चढायचं थांबवतं. आणि आपल्या घरांची रीत अशी, की मांजराने काही केलं तर बैठक बसते, करायचं थांबवलं तर ‘आता कसं शहाणं झालं’ म्हणून कौतुक होतं. फाटलेला सोफा हॉलमध्ये असतो, न खाल्लेली वाटी स्वयंपाकघरात, ओट्याखाली. पाहुणा कुठे बसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

समोरच्या काकूंनी पर्समधून क्रोसिनची पट्टी काढली. ‘पाव गोळी मधातून द्या, माझ्या नातवाला देते मी.’ इथे मला विनोद करवत नाही. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा करताच येत नाही. माणसाची एक गोळी धडधाकट मांजराचाही जीव घेऊ शकते, आणि हे तर पोह्यांच्या काट्यावर मावणारं पिल्लू. लेकीने फोन स्पीकरवर टाकला होता. एरवी ‘आजी, आजी’ करणाऱ्या डॉक्टरांचा आवाज अख्ख्या हॉलने ऐकला: ‘काही देऊ नका! घेऊन या!’ काकूंनी पट्टी परत पर्समध्ये ठेवली आणि त्यानंतर बरेच दिवस त्या आम्हाला भेटल्या की आधी मांजराची चौकशी करत, मग आमची.

सर्दी निघाली. मांजराची सर्दी. नाक बंद म्हणजे वास नाही, वास नाही म्हणजे मांजराच्या लेखी ते अन्नच नाही. औषधाबरोबर डॉक्टरांनी सांगितलं, खाणं कोमट करून द्या, वास उठेल. आईने मांदेली पुन्हा वाफवली, काटा न् काटा काढला, मीठ नाही, कांदा-लसूण नाही (तो मांजराला विषच), बोटावर घेऊन त्याच्या नाकाशी धरली. त्याने बराच वेळ बोटाकडे पाहिलं, मग चाटलं. आई तशीच फरशीवर मांडी घालून बसून राहिली. हीच ती बाई जिने महिन्यापूर्वी ‘मांजराला कसला डॉक्टर’ म्हटलं होतं. नुसत्या मासळीवर मांजराचं भागत नाही, टॉरिन नावाचा घटक त्याला खाण्यातून मिळावाच लागतो, तो नसेल तर डोळे आणि हृदय बिघडतं, हेही तिने ऐकून घेतलं. मग दुकानातून पिल्लांचं कोरडं खाणं आलं. त्याच्या किलोचा भाव ऐकून ती म्हणाली, एवढ्यात पापलेट येतं. पण आणलं.

आता सोफा.

मांजर नखांना धार लावतं असं आपण म्हणतो. तेवढंच असतं तर त्याने दाराचा उंबराही वापरला असता. खरं तर त्याच्या नखावर जुनी आवरणं साचतात, ती ओरबाडून निघतात आणि खालून नवं टोकदार नख बाहेर येतं. सोफ्याच्या धाग्यांत अडकलेलं असं एक पोकळ, पारदर्शक नख आईला सापडलं, तेव्हा ‘मोडलं गं बाई याचं नख!’ म्हणून ती हळहळली. नख शाबूत होतं, ते फक्त सालपट होतं. दुसरं कारण आळस. झोपून उठल्यावर खांदे, पाठ ताणायला त्याला उभं, भक्कम, न हलणारं काहीतरी लागतं. आणि तिसरं कारण महत्त्वाचं. पंजाच्या गादीत गंधग्रंथी असतात. ओरबाडताना वरखडे दिसतात, वास राहतो, म्हणजे लेखी आणि तोंडी दोन्ही पुरावे. सुकटने सोफा फाडला नाही, त्याने सोफ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घेतलं. तलाठ्याकडे खेटे नाहीत, फेरफारची नोटीस नाही, हरकतीला मुदत नाही. वसई तालुक्यात जमिनीची इतकी सरळ नोंद मी दुसरी पाहिलेली नाही.

हे ध्यानात घेतलं म्हणजे रट्टे, तिखट, फवारा सगळं फुकट का जातं ते कळतं. नाव लावल्याबद्दल मारलं तर मालक घाबरतो, पण हक्क सोडत नाही. तो आपण घरी नसताना नाव लावतो. (व्हिक्स तर मुळीच नको. कापूर मांजराला बाधतो.) पुतण्याने सांगितलेला उपाय म्हणजे नख काढणं नव्हे, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड छाटणं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी घातली. पुतण्याकडे ही बातमी पोचलेली नसावी.

उपाय एकच, दुसरा प्लॉट द्यायचा. बायकोने दुकानातून एक गुलाबी खांब आणला, वर पिसाचा चेंडू. हातभर उंच, धक्का लागला की डोलणारा. सुकट तो ज्या खोक्यातून आला त्या खोक्यात दोन दिवस राहिला. खांबाकडे पाहिलं नाही. मी आगाशीच्या बाजारातून काथ्याची दोरी आणली आणि सुताराला बोलावलं.

‘कशासाठी पाहिजे?’

‘मांजराला ओरबाडायला.’

सुतार थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘कुठे आहे तो?’ सुकटला आणलं. सुताराने त्याला दोन्ही हातांनी धरून उभा ताणला, टेप लावला, पेन्सिल कानावर ठेवली. ‘मोठा होईल हा. तीन फूट ठेवतो. खाली जड पाट देतो, हलायला नको.’ इतक्या वर्षांत आमच्या घराचं काम करताना त्याने गिऱ्हाइकाचं माप प्रथमच घेतलं होतं. दोरी त्याने अशी गच्च गुंडाळली की दोन वेढ्यांत नख शिरेल, कागद शिरणार नाही.

खांब झाला झकास, पण दिसायला होडीच्या खुंट्यासारखा, म्हणून बायकोने तो बाल्कनीत, वॉशिंग मशिनमागे ठेवला. सुकट सोफ्यावरच. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. मांजर आपलं नाव हमरस्त्यावर लावतं, अडगळीत नाही. जिथे झोपतं, जिथून सगळे येतात-जातात, तिथे. खांब सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला खेटून ठेवा, कोपऱ्याला दुहेरी चिकटपट्टी लावा, पंजाला ती आवडत नाही. तो खांबाकडे वळला की हळूहळू हवा तिथे सरकवा. आता आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या समोर, गणपतीच्या तसबिरीखाली, तीन फुटी काथ्याचा खांब उभा आहे. पाहुणे त्याला नमस्कार करावा की नाही या संभ्रमात असतात. सोफ्यावर उजव्या अंगाला अजून दोनचार वरखडे उमटतात. वादग्रस्त जमीन म्हणून आम्ही सोडून दिली आहे.

हातावरच्या ओरखड्यांची गोष्ट वेगळी. एकुलतं एक पिल्लू भावंडांवाचून वाढतं, तेव्हा किती जोरात चावलं की समोरचा किंचाळतो आणि खेळ मोडतो हे त्याला शिकवायला कोणी नसतं. त्यात आपण बोटं नाचवून खेळवतो. मग बोटं हे भक्ष्य, हा धडा पक्का. काठीला बांधलेलं पीस, कागदाचा बोळा, काहीही चालेल, हात नको. नखांची टोकं आठ-पंधरा दिवसांनी कापता येतात, पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं. पांढरं टोक तेवढं कापायचं, आतला गुलाबी भाग जिवंत असतो. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. एका बैठकीत अठरा कापणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्याकडे तीन झाली की सभा तहकूब.

पिल्लाची लस पुरी व्हायच्या आधी नख किंवा दात लागून रक्त आलं तर हळद, चुना, कात काही लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग दवाखाना, कारण रेबीज मांजरापासूनही होतो आणि झाल्यावर त्याला औषध नाही. मला नख लागलं ते दुपारी दोन वाजता. वसई-विरारकरांना वेगळं सांगायला नको, की दुपारी दोनला नळाखाली पंधरा मिनिटं वाहतं पाणी हा काय प्रकार आहे. बायको तांब्याने बादलीतून पाणी घालत होती, लेक मोबाइलवर वेळ लावून बसली होती, आणि आई विचारत होती, साबण अंगाचा चालेल की कपड्यांचा. दहाव्या मिनिटाला बादली संपली. समोरच्या काकूंनी पिण्याच्या पाण्याची कळशी आणून दिली. क्रोसिनचा हिशेब तिथे मिटला.

एक भीती मात्र आम्हाला कोणी सांगितली नसती तर सुचली नसती. दोरा. वसई हा फुलांचा गाव. पहाटेच्या लोकलने मोगरा-जुईच्या टोपल्या दादरच्या बाजाराला जातात, आणि देवाला रोज हार, आईला गजरा हा आमच्या घरचा नेम. सुकलेला हार निर्माल्यात टाकेपर्यंत त्याचा दोरा सुकटच्या तोंडात. मांजराच्या जिभेवर काटे असतात, आतल्या दिशेने वळलेले. दोरा एकदा जिभेवर गेला की थुंकता येत नाही, गिळलाच जातो, आणि आतडी चुण्या पडून गोळा होतात. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडे पळायचं. आता आमच्या देव्हाऱ्याला दार आहे. ते सुतारानेच बसवलं, आणि बसवताना सुकटला विचारून घेतलं, असं तो म्हणतो.

सुकट आता पाच महिन्यांचा झाला. मच्छीमारी केव्हाच सुरू झाली, मावशी ताजं घेऊन येतात आणि दाराशी आल्या की त्याला एक मांदेली बाजूला काढतात. त्याचं नाव सुकट ठेवलं हे त्यांना अजून पटलेलं नाही. आता तो बिलकूल सुकटीसारखा दिसत नाही. काट्याच्या डब्यात तो मावत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, नाहीतर घरभर मुतून ठेवील आणि रात्री बाहेर मारामाऱ्या करून कान फाडून येईल. आई अडून बसली. ‘एकदा तरी त्याला पिल्लं होऊ द्या, मग करा.’ लेकीने समजावलं, आजी, तो बोका आहे, पिल्लं दुसऱ्याच्या जिन्याखाली होतील. तरी आई ऐकेना. शेवटी डॉक्टरांनी तारीख दिली आणि सांगितलं, सकाळी उपाशीपोटी आणा.

आईने भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. मंगळवार होता, संकष्टी होती. ‘उपास आहेच मग,’ ती म्हणाली, ‘घेऊन जा. पण चंद्रोदयाच्या आत घरी आणा त्याला.’